मळमळ उन्हाची की दिवस गेल्याची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 26, राहणं नागपुरात मानेवाड्याकडे, लग्नाला दीड वर्ष. पाळी दर 30 दिवसांनी येते. शेवटची पाळी 8 एप्रिलला आली, आज 14 मे. आठवडाभर मळमळतंय, गळून गेल्यासारखं वाटतं, छाती दुखते. काल दुपारी घरीच टेस्ट केली तर दुसरी रेघ आली, पण अगदी पुसट. सासूबाई म्हणतात, ऊन लागलंय, कांद्याचा रस लाव आणि पन्हं पी. मग हे नक्की काय आहे, आणि कसं ओळखायचं?

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. पुसट का होईना, रेघ सांगितलेल्या वेळेत आणि रंगीत आली असेल तर दिवस गेले आहेत असंच धरून चला. सासूबाईंचा अंदाज मात्र वेडगळ म्हणता येणार नाही. नागपुरात मे महिन्यात मळमळ, चक्कर, डोकं जड होणं, अंगातली शक्ती गेल्यासारखं वाटणं हे अर्ध्या शहराला होतं. म्हणूनच इथे लक्षणांवरून गर्भ ओळखायला जाऊ नये. तारीख आणि टेस्ट या दोनच गोष्टी धराव्यात. लक्षणं उपयोगी पडतात ती टेस्ट कधी करायची हे ठरवायला, आणि पुढे काही बिघडतंय का हे कळायला.

तारखेपासून सुरू करू. पाळी 30 दिवसांची, म्हणजे पुढची 8 मेला यायला हवी होती. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. मागच्या पाळीनंतर 14 दिवसांनी नव्हे, ही गल्लत फार होते. तुमच्या बाबतीत ते 24 एप्रिलच्या आसपास येतं. फलित झालेलं बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला त्यानंतर 6 ते 12 दिवस घेतं, म्हणजे 30 एप्रिल ते 6 मे. रुजल्यावरच एचसीजी हे संप्रेरक रक्तात उतरू लागतं आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं. घरची टेस्ट हेच संप्रेरक लघवीत शोधते. पाळी चुकायच्या आधी केलेली टेस्ट ‘नाही’ म्हणाली तर त्याला काही अर्थ नसतो, तो का नसतो हे या हिशेबातून दिसतं. उशिरा रुजलेल्या गर्भाचं एचसीजी त्या दिवशी पट्टीला दिसण्याइतकं झालेलंच नसतं.

आता आठवडे. डॉक्टर तुम्हाला आज ‘पाच आठवडे एक दिवस’ सांगतील, कारण मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. गर्भ प्रत्यक्षात जेमतेम तीन आठवड्यांचा आहे. हे दोन आठवडे जास्तीचे का, हे न कळल्यामुळे घराघरांत नको ते प्रश्न उभे राहतात. नवरा पुण्याला कामाला असतो, महिन्यापूर्वी येऊन गेला, आणि रिपोर्टवर सहा आठवडे लिहिलेले. रिपोर्ट बरोबर असतो आणि बाईही बरोबर असते. मोजायची पद्धतच तशी आहे. सोबत आलेल्या घरच्यांना हे तिथेच समजावून सांगायला डॉक्टरांना सांगा.

टेस्ट पुन्हा करा, पण नीट. साध्या कार्डाच्या किटला 20 ते 25 एककांच्या पुढचं एचसीजी दिसतं. पाळी चुकून आठवडा होत आला की ते सहसा त्याच्या बरंच वर गेलेलं असतं. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्या. काल तुम्ही दुपारी केली, आणि या दिवसांत दुपारपर्यंत माठातलं पाणी, ताक, पन्हं मिळून दोन लिटर तरी पोटात गेलेलं असतं. लघवी पाण्यासारखी झाली की रेघ पुसट येते, कधी येतच नाही. पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा. कार्ड सपाट जागी ठेवून ड्रॉपरने पत्रकात लिहिलेले असतील तितके, बहुधा तीन, थेंब ‘एस’च्या खळग्यात टाका आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांनी बघा. ‘सी’ची रेघ आलीच पाहिजे, ती नसेल तर किट निकामी, ‘टी’ला काहीही दिसो. दोन्ही आल्या तर होकार, ‘टी’ कितीही फिकी असली तरी. दहा मिनिटांनंतर उमटलेली, राखाडी, रंग नसलेली रेघ धरू नका. ती लघवी वाळल्याची खूण असते. अर्ध्या तासाने कचऱ्यातून कार्ड काढून पुन्हा बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्या वेळी जे दिसतं त्याने फक्त झोप उडते.

नागपूरसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. या किटच्या पाकिटावर 30 अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात इथला पारा 44-45 ला टेकतो आणि पत्र्याच्या टपरीवजा दुकानातल्या काचेच्या कपाटात तो किती जात असेल ते सांगायला नको. स्कूटीच्या डिक्कीत दुपारभर राहिलेलं किटही तसंच. पट्टीवरची प्रतिपिंडं उष्णतेने बिघडतात, मग ‘सी’ची रेघ येत नाही किंवा ‘टी’ उगाच फिकी येते. एसी किंवा निदान गार दुकानातून घ्या, मुदत बघा, आणि आणल्यावर माठाजवळच्या कोरड्या फडताळात ठेवा. फ्रिजमधून काढलेलं असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच फोडा. विकत घ्यायचं नसेल तर आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ‘निश्चय’ किट फुकट मिळतं.

उद्या सकाळी केलेली रेघ कालच्यापेक्षा गडद असेल तर प्रश्न मिटला. तितकीच फिकी असेल तर 48 तासांनी पुन्हा करा. फिकी होत जाऊन पाळीसारखा रक्तस्राव सुरू झाला तर गर्भ रुजून लगेच सुटला असं समजायचं. हे बऱ्याच वेळा घडतं, अनेकींना कळतही नाही, आणि त्यात जिना चढल्याचा किंवा पपई खाल्ल्याचा दोष नसतो.

टूथपेस्ट, साखर, मीठ, डेटॉल यांच्या ‘घरगुती टेस्ट’ सोडून द्या. टूथपेस्टमध्ये बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असतं, लघवी साधारण आम्लधर्मी असते, दोन्ही एकत्र आल्यावर फेस येणारच. तो पुरुषाच्या लघवीनेही येतो.

आता लक्षणांकडे, कारण मूळ शंका तिथेच आहे. ऊन आणि गर्भ यांतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो लघवीत. ऊन लागलेल्या माणसाला लघवी कमी होते, गडद पिवळी होते, जळजळते. गर्भ राहिल्यावर मूत्रपिंडांतून रक्त जास्त वाहू लागतं, म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळा जावं लागतं, रात्रीही उठावं लागतं, आणि रंग फिका असतो. वारंवार जावं लागतंय आणि जळजळही होतेय, तर ते दोन्हींपैकी नसून लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतो. गर्भारपणात तो अंगावर काढायचा नसतो.

मळमळीतही फरक आहे. उन्हाची मळमळ दुपारी चढते आणि मीठ-साखरेचं पाणी पिऊन, कूलरसमोर तास-दोन तास पडल्यावर उतरते. गर्भाची मळमळ उपाशीपोटी वाढते, म्हणून सकाळी उठल्याउठल्या असते, आणि वासाने उसळते. काल आवडणारी फोडणी आज नकोशी होते, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा सुवासही सहन होत नाही. साओजीच्या रस्स्याने झालेली जळजळ एखाद्या रात्रीची. रोज सकाळी, आठवडाभर, जेवण साधं असूनही, हा प्रकार वेगळा. बहुतेकींना ती सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, काहींना तुमच्यासारखी पाचव्यातच. जोर नवव्या आठवड्याच्या आसपास असतो, तुमच्या हिशेबाने 10 जूनच्या सुमारास, म्हणजे नवतपा, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, नुकता उतरलेला असेल तेव्हा. पुढे 14 ते 16 आठवड्यांपर्यंत बहुतेकींची ओसरते. आणि अजिबात मळमळ न होणाऱ्या बायकाही भरपूर आहेत, त्यांची बाळं ठणठणीत असतात.

छाती हुळहुळणं, जड वाटणं हे पाळीच्या आधीही होतं. फरक इतकाच की पाळी आली की ते ओसरतं, गर्भ असला की टिकतं आणि वाढतं. स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ गडद होतं, त्यावरचे बारीक दाणे उठून दिसू लागतात, पण याला काही आठवडे लागतात. थकवा प्रोजेस्टेरॉनचा असतो: झोप पुरेशी होऊनही दुपारी डोळे मिटतात. त्याच संप्रेरकाने आतडी मंदावतात, म्हणून पोट फुगतं, साफ होत नाही. तोंडाला धातूसारखी चव येते, लाळ सुटते. अंगही किंचित गरम लागतं, पण ते अर्ध्या अंशाच्या आतबाहेर. थर्मामीटरवर 38 अंश, म्हणजे 100.4 दिसलं तर तो ताप आहे, गर्भ नव्हे, तपासून घ्या.

रुजण्याच्या दिवसांत काहींना गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतात, एक-दोन दिवस, पॅड भिजत नाही इतपत. याच डागांना ‘या वेळी पाळी कमी गेली’ समजून पुढचा महिनाभर निर्धास्त राहणं ही तारीख चुकण्याची नेहमीची जागा. एखादी पाळी नेहमीपेक्षा बरीच हलकी आणि लवकर गेली असेल तर ती तारीख डॉक्टरांना वेगळी सांगा.

माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, त्याला डोहाळे म्हणून कौतुकाने पुरवू नका. बहुधा त्यामागे लोहाची कमतरता असते आणि ती गर्भ राहायच्या आधीपासूनची असते. हिमोग्लोबिन बघा.

आता दुसरी बाजू. पाळी चुकली म्हणजे गर्भच, असंही नाही. पीसीओएस, थायरॉइड, अचानक घटलेलं वजन, परीक्षा किंवा आजारपणाचा ताण, सगळ्यांनी पाळी पुढे जाते. इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर पाळी आठवडाभर मागेपुढे होते. आणि हा लग्नसराईचा महिना. लग्न, देवकार्य, पुढे महालक्ष्म्या, यांसाठी पाळी ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी मेडिकलमधून चिठ्ठीविना आणून घेतली जाते. ती बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्यात पाळी येते. दहा दिवस झाले तरी आली नाही तर टेस्ट करा. मात्र ‘पाळी येते का बघू’ म्हणून हीच गोळी परीक्षेसारखी घेणं बंद व्हायला हवं. गर्भ असेल तर तिने पाळी येत नाही, उत्तर मिळत नाही, आणि वाढत्या गर्भाला विनाकारण संप्रेरक मिळतं.

उलट काही बायका गर्भाचा विचारच करत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी सुरू नसते, पण बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटू शकतं. बाळ सहा महिन्यांचं झालं किंवा वरचं दूध, खिमट सुरू झालं की ते संरक्षण धरू नये. चाळिशी ओलांडलेल्या बाईला वाटतं पाळी जायला लागली. तांबी बसवलेल्या किंवा नसबंदी झालेल्या बाईला तर कोणी विचारतही नाही. या शेवटच्या दोघींना गर्भ क्वचितच राहतो, पण राहिला तर गर्भाशयाऐवजी बीजनळीत असण्याचा धोका जास्त असतो. त्यांनी पाळी चुकताच टेस्ट करून लगेच दाखवावं.

टेस्टचं ‘हो’ खोटं ठरतं ते क्वचित: वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत, किंवा नुकताच गर्भपात झाला असेल तर पुढचे काही आठवडे. ‘नाही’ मात्र पुष्कळदा खोटं असतं. एका ‘नाही’वर विसंबून एक्स-रे काढू नका, मुरुमांची आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू ठेवू नका, पाळी आलीच नाही तर आठवड्याने पुन्हा टेस्ट.

धोक्याची खूण नीट लक्षात ठेवा. टेस्ट ‘हो’ आहे आणि ओटीपोटात एका बाजूला टोचून दुखतंय, डाग जातायत, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, तर गर्भ नळीत असू शकतो. नळी फुटली की रक्त पोटात साचतं. बाहेर थोडंच दिसतं, म्हणून फसगत होते. खांदा दुखतो तो पोटातलं रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागल्यामुळे. हे साधारण सहा ते आठ आठवड्यांत होतं. इथेच ‘ऊन लागलंय, झोप जरा’ हे वाक्य जिवावर बेतू शकतं. गरोदर असू शकणाऱ्या बाईला पोटदुखीसह घेरी आली की लिंबूपाणी करत बसू नये. 108 ला फोन करावा, किंवा थेट डागा, मेयो, मेडिकल या सरकारी रुग्णालयांपैकी जवळ असेल ते गाठावं. याच कारणासाठी गर्भ नको असला तरी दुकानातून गोळ्या आणून परस्पर घेऊ नयेत. नळीतला गर्भ त्या गोळ्यांनी पडत नाही, रक्त गेल्याने सगळ्यांना वाटतं काम झालं, आणि नळीतला गर्भ आत वाढतच राहतो. कायद्याने गर्भपात मान्यताप्राप्त ठिकाणी करून मिळतो, 18 वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.

सोनोग्राफीची घाई करू नका. आज केली तर फार तर गर्भाची पिशवी दिसेल, आत काही दिसणार नाही, आणि ‘ठोका नाही’ हे ऐकून घरात रडारड होईल. ठोका आतून केलेल्या सोनोग्राफीत सहा ते साडेसहा आठवड्यांत दिसतो, पोटावरून केलेल्यात त्याहून आठवडाभर उशिरा. दुखत नसेल, डाग नसतील तर 27 मेच्या पुढे जा. तेव्हा सात आठवडे भरतील. दुखत असेल तर मात्र आजच. त्या परिस्थितीत डॉक्टर रक्तातलं बीटा एचसीजी 48 तासांच्या अंतराने दोनदा करायला सांगतात. एका आकड्यापेक्षा त्यातली वाढ महत्त्वाची. सुरुवातीच्या दिवसांत ती निदान निम्म्याने व्हायला हवी. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि डाग गेले तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा.

थांबायचं नाही ते फोलिक ॲसिडसाठी. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते, तुमच्या हिशेबाने 22 मेच्या आसपास. 400 मायक्रोग्रॅमची गोळी रोज, आजपासून. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, मधुमेह किंवा फिट्सचं औषध चालू असेल तर 5 मिलिग्रॅम लागते, ती डॉक्टर लिहून देतील. फिट्सचं औषध आपल्या मनाने बंद करू नका. लोहाच्या गोळ्या साधारणपणे 12 आठवड्यांनंतर, हिमोग्लोबिन फार कमी नसेल तर; आता घेतल्या तर मळमळ वाढते. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.

मळमळीसाठी अंथरुणातून उठायच्या आधी मूठभर मुरमुरे किंवा फुटाणे चावून खा, मग दहा मिनिटांनी उठा. दर दोन तासांनी थोडं खा. पाणी जेवणासोबत न पिता मधे मधे घोट घोट. आल्याचा तुकडा, लिंबू हुंगणं यानेही बरं वाटतं. पुरत नसेल तर डॉक्सिलॅमिन आणि पायरिडॉक्सिनची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. आठ तास लघवी झाली नाही, पाणीही टिकत नाही, वजन उतरतंय, तर सलाइन लागेल. या उन्हात ती वेळ लवकर येते. खर्रा, गुडाखू, तंबाखू यांतलं काहीही असेल तर सुटलंच पाहिजे. ते बाईला विचारलं जात नाही आणि ती आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

नोंदणी 12 आठवड्यांच्या आत करा, तुमची मुदत 1 जुलै. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात आधार, बँक पासबुक घेऊन जा, माता-बाल कार्ड मिळेल. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. प्रसूतीची अंदाजे तारीख काढायची रीत सोपी आहे: शेवटच्या पाळीत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा, 15 जानेवारी. तुमची पाळी 30 दिवसांची, म्हणून दोन दिवस पुढे, 17. सोनोग्राफीत यात चार-सहा दिवसांचा फरक पडला तर घाबरू नका.

पहिल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) असतातच. विदर्भात त्यासोबत सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी मागून घ्या. साध्या चाचणीत दोष दिसला तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की करणारी चाचणी, आणि तुम्ही वाहक निघालात तर त्याच आठवड्यात नवऱ्याचं रक्त. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ती गर्भात तपासायची तर वारेचा नमुना साधारण 11 ते 13 आठवड्यांत घेतात, तुमच्यासाठी 24 जूनपासून. रिपोर्ट यायला आणि नवऱ्याला सुट्टी मिळायला जे दिवस जातात ते धरले, तर पहिलं रक्त या महिन्यातच गेलेलं बरं. नवऱ्याला पहिल्याच भेटीला सोबत न्या, दोघांचं रक्त एकदम देऊन या.